विहीणबाईंची कोळंबी

सितुबोंदोच्या किनाऱ्यावर बू मर्हामाच्या कोळंबीइतकं कुलीन घराणं दुसरं नव्हतं. तिच्या माद्या विमानातून आल्या होत्या. आमच्या गावातल्या बहुतेकांनी विमान पाहिलंय ते मान वर करून. या माद्यांच्या आज्या-पणज्यांचीसुद्धा तपासणी झालेली, कुळात कुणाला रोग नाही. असं स्थळ माणसांत मिळत नाही. त्यांची अंडी उबवायची आणि निघालेल्या पिलांचं निरोगी बीज तळीवाल्यांना विकायचं, हा तिचा हॅचरीचा धंदा. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं उभा केलेला. माद्यांचे लाड विचारू नका: गाळलेलं पाणी, बेताची ऊब, अंधारी खोली. आणि एवढं केल्यावर, अंडी लवकर घालावीत म्हणून प्रत्येकीचा एक डोळा चिमट्यानं चिरडायचा. जीव लावणं म्हणतात ते हेच असावं.

माझी भाताची टपरी तिच्या फाटकासमोर. आत जाणाऱ्याला औषधाच्या पाण्यात पाय बुडवावे लागत, मग तो कुणी का असेना. गावचे मौलवीसाहेबही एकदा ओल्या पायांनी आत गेलेले मी पाहिलेत.

तिच्या मुलीचं, उल्फियाचं लग्न ठरलं ते बान्युवांगीकडच्या पाक सन्वारींच्या मुलाशी. बाईला बू तसं पुरुषाला पाक, ही आमच्याकडची मानाची हाक. पाक सन्वारींची कोळंबीची मोठी तळी. त्या मोसमात तिकडे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं तळीच्या तळी रिकामी केली होती, आणि बूचं घर नेमकं हॅचरीच्या आवारात.

वऱ्हाड आलं. बू हिरव्या जरीच्या वस्त्रात फाटकात उभी, शेजारी तिचा कामगार होस्नान, पुढ्यात टब.

"पाय बुडवून या."

"विहीणबाई," पाक सन्वारी हसले, "आम्ही मुलगा आणलाय, साथ नाही आणली."

"मुलालाही पाय बुडवू द्या."

नवरदेव नव्या बुटांसकट बुडला. मग भेटवस्तूंची तबकं आली. कापड, फळं, मिठाई, आणि शेवटच्या तबकात केळीच्या पानावर ताजी, टपोरी कोळंबी. पाक सन्वारींच्या तळ्यातली, त्यांनी स्वतः निवडलेली.

बूचा चेहरा असा झाला, जणू तबकात साप आहे.

"होस्नान, चूल पेटव. इथंच, रस्त्यावर."

पातेलं माझंच गेलं. कोळंबी लाल झाली. व्याही तिच्याही आधी झाले.

"माझा माल आजारी आहे म्हणता?"

"मी कुठं काय म्हटलं? मला उकडलेली आवडते."

लग्न लागलं, पण पाक सन्वारी जेवले नाहीत. ती कोळंबी आम्ही टपरीवाल्यांनी संपवली. छान होती.

काही आठवड्यांनी माद्या खायच्या थांबल्या. एकीच्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले. प्रयोगशाळेनं सांगितलं, तोच रोग. आता आला कुठून? साऱ्या वऱ्हाडाला नावं ठेवून झाल्यावर उलगडा झाला. माद्यांना खुराक म्हणून चिखलातले जिवंत किडे लागतात. नेहमीच्या तपासलेल्या किड्यांची खेप चुकली, तेव्हा बूनं एका होडीवाल्याकडून घेतले. गुबगुबीत दिसले म्हणे. व्याह्यांचे पाय धुऊन घेणारीनं किड्यांना बादलीत बसवून मानानं आत नेलं होतं.

टाक्यांतलं बीज मात्र अजून तुरुतुरु पळत होतं. त्यातलं निम्मं व्याह्यांनी मागवलेलं, भांडण आपल्या जागी आणि व्यवहार आपल्या जागी म्हणून.

होस्नान म्हणाला, "बू, आज विकलं तर कुणाला कळणार?"

"आज नाही कळणार. उद्या जावयाच्या तळ्यात कळेल."

क्लोरीन तिनं स्वतः ओतलं, बीजातही आणि माद्यांतही. कुणाला हात लावू दिला नाही. मग माझ्याकडे येऊन बसली, चहा मागितला आणि प्यायली नाही.

"एकडोळ्या होत्या गं, तरी मला ओळखायच्या."

कोळंबी कुणाला ओळखत नाही. पण मी तिचा चहा पुन्हा गरम करून आणला.

तिथूनच तिनं व्याह्यांना फोन लावला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बीज मिळायचं नाही. माझ्याकडे रोग आलाय."

पलीकडून असं हसू आलं की फोन तिनं कानापासून लांब धरला.

"विहीणबाई, पाय बुडवले होते ना सगळ्यांनी?"

"बुडवले होते. किडे मी आणले. मीच."

हसू थांबलं.

"माल विकलात?"

"मारला. सगळा."

"वेड्या आहात," ते म्हणाले. आणि मग, "इकडच्या गिऱ्हाइकांना मी कळवतो. तुम्ही जेवून घ्या."

तो अख्खा मोसम टाक्या कोरड्या पडून राहिल्या. होस्नान माझ्याकडे भांडी घासायला लागला, वाईट घासायचा. पुढे विमानातून नवं घराणं आलं, किडे आता तपासलेल्या जागचे गोठवून येतात. पाक सन्वारी बीज घ्यायला आले, पण निम्मंच. बाकीचं पलीकडच्या गावातून. वर बूच्या बीजाची पिशवी उचलून म्हणाले, "हे आधी दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेतो."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"सोयरीक सोयरीक आहे विहीणबाई, तळं तळं आहे."

दिवसभर तिनं माझ्या टपरीत बसून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. संध्याकाळी उठताना म्हणाली, "पोरीला घर मात्र बरं मिळालं."