नानांची शेवटची हाक

नाना गेल्याचा फोन त्यांच्या पुतण्याचा आला, तेव्हा मी कळंबच्या बाजारात भाजी घेत होतो. त्याच दिवशी सकाळी आठला मी त्यांना वायरलेसवर दोनदा हाक मारली होती. नुसती खरखर ऐकू आली... गावाला गेले असतील म्हणून सेट बंद केला.

नाना पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त होऊन आणे गावच्या पठारावर शेतात राहायला गेले. तिथे मोबाईलला रेंज नाही. मी शाळामास्तर. हौशी वायरलेसच्या परवान्यासाठी परीक्षा द्यायला त्यांनीच लावलं, शिकवलंही त्यांनीच. केबल काय, अँटेना काय, मला दोन्ही ताराच. त्यांनी दोन तारा शेजारी धरल्या. "एकीत करंट जातो, दुसरीत उलटा येतो. एकमेकीचं मोडत्यात, म्हणून भाईर काय सांडत न्हाई. ही लाइन, म्हंजी तुमची केबल." मग टोकं दोन बाजूंना फाकवली. "आता मोडायला शेजारीन न्हाई. आता सुटतंय. लाइननं सांभाळायचं मास्तर, अँटेनानं सोडायचं."

मागच्या महिन्यात वाऱ्यानं खांब हलला, सेटवर नानांचा आवाज क्षीण झाला. "वरचा जोड बघाया या. गुडघ्यामुळं मला चढवत न्हाई," म्हणाले. रविवारी येतो म्हटलं. रविवारी मुलीकडचे पाहुणे आले. मग पुढचा रविवार म्हटलं...

तो रविवार यायच्या आतच नाना गेले.

तेराव्यानंतर मी नानांच्या घराच्या पत्र्यावर चढलो. जोड हातातच आला, आतलं तांबं हिरवं पडलेलं. सेट ठीक, केबल ठीक, अँटेनाही ठीक. फक्त दोघींची गाठ सुटली होती. डॉक्टर म्हणतात, हृदयविकाराचा झटकाच मोठा होता, गाडी लवकर आली असती तरी फरक पडला नसता. ते खरं असेल. मला ते कधीच कळणार नाही.

खाली वहिनी, नानांच्या पत्नी, उभ्या होत्या. म्हणाल्या, "छातीत कळ आल्यावर सेटपाशीच बसले व्हते. चार वेळा तुमचं नाव घेतलं. मी रस्त्याकडं गाडी बघाया पळाले... भाऊ, ते बोलले ते गेलं कुठं मग?"

उत्तर मला येत होतं. टोकाशी वाट नसली की लाइनमधून गेलेलं माघारी फिरतं, सेटपाशी परत येतं आणि तिथेच ऊब होऊन विरतं. नानांनीच शिकवलेलं. मी जोड मुठीत धरून उभा राहिलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.