पोटाशी धरलेली उशी

बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तरी दवाखान्यातल्या खाटेवरून तिचा संसार चालूच होता. दूध तापवलं का, तुळशीला पाणी घातलं का, गॅस बंद केला का.

काल डॉक्टरांनी तिला घरचं खायला परवानगी दिली, म्हणून मी स्वतः पिठलं करून नेलं. डबा ताटलीत उपडा केला, तर पिठलं डब्याच्याच आकारात ताठ उभं राहिलं. टाके दुखू नयेत म्हणून पोटाशी उशी दाबून ती हसत सुटली.

“अहो, वड्याच पाडा आता याच्या,” डोळे पुसत ती म्हणाली.

टाके शरीर घट्ट धरून ठेवतात. माणूस मात्र थोडं सैल सोडलं की बरा होऊ लागत असावा. एक वडी खाऊन ती निवांत झोपली, काहीही न विचारता.

घरी परतताना मीच आठवत राहिलो, गॅस बंद केला होता ना?