तर्जनीचं कडं

वाल्डेमार होप्पे जन्माचा शिकलगार. झोलिंगेन या चाकू-तलवारींच्या गावात, वुपर नदीच्या काठी, पाण्यावर फिरणाऱ्या सहाणेपुढे बसून त्याने चाळीस वर्षं चाकू, कात्र्या आणि वस्तऱ्यांना धार लावली. पाठ वाकली, बोटांची टोकं गुळगुळीत झाली. पण त्याचा जीव होता जुन्या तलवारींत. कुणी सुट्टीत समुद्रावर जायचं, तर हा खेड्यापाड्यांतले माळे आणि भंगारवाल्यांची दुकानं धुंडाळायचा. अशा अकरा तलवारी त्याने जमवल्या आणि बैठकीच्या भिंतीवर वयाप्रमाणे ओळीने लावल्या.

त्याचा मित्र फ्रीडहेल्म क्यूल ट्रॉलीबस चालवायचा. मोठ्याने हसणारा, कुणाचंही कपाट जिन्यावरून उतरवून देणारा माणूस. तलवारींचा नाद त्याला वाल्डेमारनेच लावला. दर रविवारी वाल्डेमार त्याला भिंतीपुढे उभा करायचा.

"ही बघ, रुंद पात्याची. समोरचा साखळ्यांचं चिलखत घालायचा, तेव्हा नुसती हाणायची. मग पत्र्याचं चिलखत आलं. आता हाणून काय उपयोग? सांध्यात खुपसायला हवी. म्हणून पातं टोकाकडे निमुळतं झालं. मग लोक पकड घट्ट व्हावी म्हणून तर्जनी मुठीवरच्या आडव्या दांडीच्या पुढे घ्यायला लागले."

"आणि बोट गेलं!"

"गेलंच. म्हणून कुण्या लोहाराने तिथे एक कडं बसवलं. बोट वाचवायला एवढंसं कडं, पण त्यातूनच पुढे दुसरं कडं, मग बोटांवरची कमान, मग हात झाकणारी वाटी, अशी मुठीवरची सगळी परज वाढत गेली. शेवटी तर दागिन्यासारखी कमरेला लावायची नाजूक तलवार."

पण ते एकच कडं असलेली तलवार वाल्डेमारकडे नव्हती. चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये त्याने वीतभर जागा मोकळी सोडली होती. सव्वीस वर्षं.

१९७४च्या मार्चमध्ये एका रविवारी फ्रीडहेल्म चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. हिल्ट्रुड, म्हणजे वाल्डेमारची बायको, चेरीबरोबर खायला गरम वाफल वाढत होती. फ्रीडहेल्मने बशा सरकवल्या आणि चादर उलगडली.

सरळ पातं, निमुळतं टोक. आडवी दांडी. आणि तिच्यापुढे, एकाच बाजूला, तर्जनीपुरतं कडं.

"एका म्हातारीचं सामान हलवायला गेलो होतो. गवताच्या माळ्याचं दार तिने या तलवारीने अडकवून ठेवलं होतं. म्हणाली, घेऊन जा बाबा, गंजकी मेली! आता तू सांग वाल्डेमार, खरी का खोटी?"

वाल्डेमार तलवारीवर वाकला. सव्वीस वर्षं त्याने चपला झिजवल्या, आणि या बसवाल्याला ती दाराच्या अडसरातून आयती मिळाली! ज्याला दोन वर्षांपूर्वी खंजीर आणि सुरा यांतला फरक कळत नव्हता, त्याला! त्याने तलवार हातात घेतली. तोल असा, की हात जणू आपोआप पुढे जावा. तिच्या खरेपणाबद्दल त्याला कणभरही शंका उरली नाही.

"खोटी," तो म्हणाला. "आपल्याच गावची नक्कल. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी बंगल्यांच्या भिंतींसाठी अशा ढिगाने करायचे. ही कानशीची खूण दिसते का?"

कुठलीच खूण नव्हती. पण फ्रीडहेल्मने मान डोलावली. त्याचा चेहरा पडला होता. 'राहू दे इथेच, कुठेतरी टांगतो' हे वाक्य वाल्डेमारच्या ओठांवर तयार होतं, तेवढ्यात फ्रीडहेल्मच हसला.

"जाऊ दे! चर्चच्या नाटकात सरदाराला तलवार हवीच होती. त्यांना देतो."

तो गेल्यावर कप विसळता विसळता हिल्ट्रुड म्हणाली, "खोटं बोललास ना?"

"तुला काय कळतं तलवारींतलं?"

"तलवारींतलं नाही कळत. तुझ्यातलं कळतं."

तीन आठवडे वाल्डेमारला अन्न गोड लागेना. शेवटी एका शनिवारी दुपारी तो चर्चच्या सभागृहात तालीम बघायला गेला. दारातच त्याने तो आवाज ऐकला. सरदार झालेला पाववाला एर्न्स्ट समोरच्याच्या लोखंडी गजावर ती तलवार जीव खाऊन हाणत होता. शिकलगाराच्या कानाला पोलाद कुठे दुखतंय ते कळतं. धारेवर तीन खाचा पडलेल्या लांबूनही दिसत होत्या.

"थांबा!" वाल्डेमार ओरडला. "खरी आहे ती! पाचशे वर्षांची आहे!"

फ्रीडहेल्म शिडीवर चढून किल्ल्याचा पडदा रंगवत होता. तो हळूहळू खाली उतरला.

"तुला कधी कळलं?"

"बघताक्षणी."

"मग?"

"तुला मिळाली, फ्रीडहेल्म. मला नाही मिळाली. जळलो मी."

फ्रीडहेल्मने हातातला ब्रश रंगाच्या डब्यात ठेवला. "मागितली असतीस ना, तर दिली असती रे," एवढंच म्हणाला, आणि एर्न्स्टच्या हातातून तलवार घेऊन निघून गेला.

सगळा उन्हाळा तो फिरकला नाही. ऑक्टोबरमध्ये आला, तो तलवार घेऊनच. बसला नाही.

"या खाचा घालव."

वाल्डेमारचे हात शिवशिवले. एका दुपारचं काम, आणि तेवढा वेळ तरी ती त्याच्याकडे राहिली असती. "नको," तो म्हणाला. "सहाणेवर धरली तर जुनं पोलाद उडेल. परत येणार नाही. आहे तशीच ठेव."

"हे तरी खरं बोलतोयस?"

"खरं."

फ्रीडहेल्मने ड्युसेलडॉर्फच्या एका जाणकार मास्तरांना विचारून खात्री करून घेतली. तेही तेच म्हणाले. तलवार त्याच्या स्वयंपाकघरात बाकाच्या वरच्या भिंतीवर टांगली गेली, खाचांसकट.

हळूहळू रविवारची कॉफी सुरू झाली, पत्तेही सुरू झाले. पण नवीन काही हाती लागलं की फ्रीडहेल्म गाडी पकडून ड्युसेलडॉर्फ गाठायचा आणि परत आल्यावर पत्ते पिसता पिसता मास्तर काय म्हणाले ते सांगायचा. वाल्डेमार ऐकून घ्यायचा. त्या मास्तरांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्यांचं नाव निघालं की तो कपात नुसता चमचा फिरवत बसायचा. "खरी का खोटी?" हे फ्रीडहेल्मने त्याला पुन्हा कधीच विचारलं नाही.