उसनी खुडूक कोंबडी

चूक माझीच होती. शेजारच्या शांतावहिनींची खुडूक कोंबडी मी अंडी उबवायला मागून आणली होती. पुढे माझ्या खुराड्यातल्या एका कोंबडीची मान पाठीकडे वळली, तिला हिरवट हागवण लागली. मानमोडी आली, हे मला कळलं होतं. तरी उसनी कोंबडी आपल्या दारात मरू नये, म्हणून मी ती त्याच संध्याकाळी परत केली. थोड्याच दिवसांत वहिनींचं अंगण रिकामं झालं. त्यांचं मीठमिरचीचं अंड्यांवरच भागायचं.

आज कुंपणापलीकडे वहिनी नव्या पिलांच्या डोळ्यांत लसीचा थेंब टाकत होत्या. थेंब पडला की पिलू डोळा मिटायचं. ते डोळा उघडेपर्यंत वहिनी थांबायच्या आणि मगच त्याला खाली सोडायच्या. एवढा थेंब मी वेळेवर टाकला असता तर! निदान आजारी कोंबडी सगळ्यांना दाखवली असती तर! मी रोगाला भ्यालोच नाही, बोभाट्याला भ्यालो.

मी फाटकाशी गेलो.

“तिथंच थांबा भाऊजी,” मान वर न करता वहिनी म्हणाल्या. “तुमचा पाय लागला की आमच्या कोंबड्या आभाळ बघत मरतात. आता काय उसनं न्यायचंय?”

त्यांच्या हातातल्या पिलाने डोळा उघडला होता, पण त्यांनी ते खाली सोडलं नाही.

“न्यायला नाही आलो, वहिनी. तेव्हा रोग घरात आलाय हे कळून-सवरून मी तुमची कोंबडी परत दिली. माझं चुकलं.”