बरणीतली बारा अंडी

दि. ५ ऑक्टोबर १९७९, शुक्रवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. कोजागरी. उंब्रजच्या थांब्यावर मी सांगलीच्या एस.टी.त चढलो. उजव्या हातात छत्री, डाव्या हातात चिनी मातीची बरणी. बरणीत, मिठाच्या पाण्यात महिनाभर मुरलेली बदकाची बारा अंडी.

खुलासा आवश्यक आहे. सांगलीचे दंतवैद्य लिऊ यांनी माझी कवळी केली. त्यांचे वडील चीनमधून आले. ते स्वतः सांगलीतच जन्मले. श्रावणात कवळी घासून देताना त्यांनी सांगितले, की एरवी महिनाभर आधी येणारा त्यांचा सुगीचा सण यंदा आपल्या कोजागरीलाच येतो आहे. त्या दिवशी सारे कुटुंब चंद्रासमोर बसून युएबिंग (पुरण भरून भट्टीत भाजलेली, तळहाताएवढी जाड गोल पोळी) खाते. पुरणाच्या मधोमध खारवलेल्या अंड्याचा बलक हवा, तोच चंद्र. त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने तो अकरा वर्षांत चाखला नव्हता. "यंदा एकदा खाऊ दे, मग मी जायला मोकळी," असे त्या रोज म्हणत. सांगलीत बदकाची अंडी मिळेनात. मी म्हणालो, "मी आणीन." छत्तीस वर्षे शाळा चालवली; दिलेला शब्द मोडला नाही.

कृष्णाकाठच्या एका कोळ्याकडून अंडी घेतली. घरी माझी थोरली बहीण, आक्का. तिच्या गळ्यात माळ. "हे माझ्या चुलीपाशी न्हाई चालायचं," ती म्हणाली. बरणी गोठ्यात गेली.

कऱ्हाडला शेजारी एक फेटेवाले गृहस्थ बसले. थोड्या वेळाने त्यांनी नाक वर केले.

"गुरुजी, लोणचं लय झ्याक मुरलंय."

"लोणचे नाही."

"मंग?"

"अंडी."

कंडक्टर म्हणाला, "डायवर, सावकाश रं! गुरुजी उबवायला बसल्यात!" इस्लामपूरच्या पुढे खड्डा आला. बरणी मी छातीशी धरली. छत्री शेजाऱ्यांच्या फेट्यावर पडली. "द्या हिकडं," ते म्हणाले, "तुमी छत्री धरा, मी बाळ धरतो." त्यांना आष्ट्याला उतरायचे होते. बाळ धरून ते सांगलीपर्यंत आले.

लिऊंनी दार उघडले आणि चेहऱ्याआधी माझे तोंड पाहिले. "आवं गुरुजी, या की! दात कसं हायत?"

"जागेवर आहेत."

गच्चीवर टेबल मांडले होते. त्यावर शिंगाडे, पपनस, उकडलेल्या अळकुड्या. परमुलखातल्या सणाचे ताट पाहायला मी पंच्याऐंशी किलोमीटर आलो होतो. ताटात आमच्याच परड्यातला जिन्नस निघाला. युएबिंगसाठी लिऊवहिनींनी तांबड्या चवळीचे पुरण गुळात घोटून ठेवले होते. लिऊंच्या आई, म्हणजे आजीबाई, वेताच्या खुर्चीत बसून बरणीकडे पाहत होत्या.

मी झाकण काढले. पाणी पिवळे होते. वर मोहरीची डाळ तरंगत होती. खाली मेथ्या, सुक्या मिरच्या आणि हळदीने रंगलेली बारा अंडी.

मला उमगले. महिनाभर नुसत्या मिठात एक बरणी गोठ्यात उभी आहे, हे आक्काला बघवले नसणार. अंड्यांना ती शिवली नसेल. वरून लोणच्याचा मसाला ओतला असेल. माझा शब्द पिवळा पडला होता.

"ही कंची रीत, गुरुजी?" लिऊंनी विचारले.

"आमची."

वहिनींनी एक अंडे फोडले. बलक घट्ट, शेंदरी, गोल. "झालाय की!" त्या ओरडल्या. आजीबाईंनी काठी आपटली. त्याचा अर्थ, कामाला लागा.

मग घर धावू लागले. लिऊंच्या दोन मुलींनी पोळ्या भरल्या, लाकडी साच्यात दाबल्या आणि ताटे घेऊन गल्लीतल्या बेकरीवाल्याकडे पळाल्या. त्याने खारीचा घाणा थांबवून भट्टी दिली. मला शिंगाडे सोलायला बसवले. मी सोलले.

साडेसहाला चंद्र वर आला. पोळी घरातल्या माणसांइतक्या तुकड्यांत कापायची, असा त्यांचा नियम. गैरहजर माणसालाही वाटा असतो. घरातले पाच, कलकत्त्याचे धाकटे बंधू सहावे, मी सातवा. तळहाताएवढ्या पोळीचे सात तुकडे लिऊंनी शस्त्रक्रियेच्या काळजीने केले. पहिला आजीबाईंना. बलकासकट.

त्यांनी तो तोंडात घातला. मुलाने केलेली कवळी त्या वापरत नाहीत. हिरड्यांनी सावकाश चघळू लागल्या. आम्ही पाच जण श्वास धरून उभे. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्या चिनी भाषेत काही बोलल्या.

लिऊंचा चेहरा कसाबसा सरळ होता. "आई विचारती, चंद्राला फोडणी कुणी दिली?"

आणि आजीबाई हसल्या. दात नसलेले, खांदे उडवणारे हसू. मुली हसल्या, वहिनी खाली बसल्या. मीही हसलो, याची नोंद करणे भाग आहे. वरची कवळी सुटली. "धरा! धरा!" म्हणत लिऊंनी माझ्या हनुवटीखाली हात धरला.

आजीबाईंनी दुसरी पोळी मागितली आणि मुलाकडे पाहून काही सुनावले. लिऊंनी डोळे पुसत सांगितले, "म्हणती, फुडल्या सणाला अशीच पायजे. तवर मी कुठं जात न्हाई."

फोडणी कोणाची, ते मी सांगितले. आक्का अंडे खात नाही, हेही. तेव्हा बिनबलकाची एक पोळी कागदात बांधून माझ्या पिशवीत आली. आक्काचाही वाटा झाला.

घरी पोहोचलो तेव्हा आक्का दूध आटवून वाट पाहत होती. पोळी पुढे ठेवली. तिने हुंगली, कडेचा तुकडा मोडून खाल्ला.

"मोहरी किती घातली होतीस?" मी विचारले.

ती दचकली. "मूठभर. का रं आण्णा, बिघडलं व्हय?"

"नाही."

सण कोणाचा, हा प्रश्न मला प्रवासात सुचला नाही; आता सुचवून घेत नाही. तिकिटाच्या पाठीवर लिहिले: मोहरी एक मूठ, मेथ्या चिमूट, मिरच्या सात, हळद अंदाजे. मग बरणी घासली आणि गोठ्याकडे निघालो.

"हितंच ठेव," आक्का म्हणाली.

चुलीशेजारी पालथी घातली.