दादाची टिपणं

दादा गेल्याची तार लोणावळ्याला आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. निवडून संपवले, मग उठले. रडू तेव्हा आलं नाही, नंतरच्या पाच आठवड्यांतही आलं नाही. माझा हा थोरला भाऊ मुंबईला कॉलेजात मराठी शिकवायचा. शोकसभेत त्याला थोर शिक्षक म्हटलं आणि त्याची टिपणं मुलांसाठी छापायचं ठरवलं. ती माझ्या अक्षरात, माझ्या घरी आहेत. परवा दोन प्राध्यापक मागायला आले. विचार करून सांगते म्हटलं. केला विचार.

दर मे महिन्यात दादा लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या या घरी यायचा. मी चौथी शिकलेले, अक्षर बरं, म्हणून जुनी वही फाटली की मी ती नव्या वहीत उतरवायची. वही नवी, मजकूर तोच. वर्गात तो सावकाश सांगायचा, मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तेच परत लिहायची. दूध घालणारी ठकूबाई एकदा म्हणाली, "भाऊ, दरसाल त्येच सांगता, मंग पोरांनी यायचं कशापायी? वही धाडून द्या की!" दादा नुसता हसला. चिडला असता तर बरं झालं असतं...

पुढं त्याचे डोळे दुखू लागले, तेव्हा विद्यापीठाचे पेपरही माझ्यापुढं आले. टिपणाशी ओळ जुळली की मी पेन्सिलीनं खूण करायची, मार्क तो द्यायचा. चौथी शिकलेली बाई बी.ए.चे पेपर पाहत होती हे विद्यापीठाला ठाऊक नव्हतं. आता होऊ दे.

एका वर्षी विद्यापीठातलं शिकवणं कसं सुधारावं, याचा अहवाल लिहायला दादाला कमिटीवर घेतलं. ओसरीवर चार प्राध्यापक, चहावर चहा. मी आत पेपर पाहत होते. जात्यावरच्या ओव्यांवर प्रश्न होता. टिपणात होतं की अडाणी बायका श्रम हलके व्हावेत म्हणून गातात. एका मुलानं लिहिलं होतं, जात्याच्या घरघरीत सासूला ऐकू जात नाही, म्हणून बाई तिथंच मनातलं बोलते. मी अकरा वर्षं सासरी दळलं आहे. मी खूण केली.

दादानं पाहिलं. "गोदे, हे टिपणात कुठं आहे?"

"नाही. पण बरोबर आहे."

"असेल. मी शिकवलेलं नाही. खोड."

"अरे, दळलंय कुणी, तू की मी?"

"परीक्षक कोण आहे? खोड म्हणतो ना!"

मी खोडली. पेपरावर नाव नव्हतं, नुसता नंबर. पास झाला की नापास, मला कधी कळलं नाही. त्याच संध्याकाळी ओसरीवर दादा म्हणाला, "अहवालात पहिलं हेच घालू. मुलं स्वतः विचार करत नाहीत." चौघांनी माना डोलावल्या. मी कपबश्या उचलल्या आणि आत गेले. तोंड मलाही होतं.

तर प्राध्यापक महाशय, वह्या मिळणार नाहीत. तुम्हांला शिकवायचं असेल तर स्वतः वाचा आणि मग वर्गात उभे राहा. वह्या दादाच्या खोलीत, त्याच्या कपाटात आहेत. इथल्या दमट हवेत कागदाला कसर फार लवकर लागते. त्यानं मध्ये डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. काल मी त्या काढून टाकल्या.