इटलीच्या गाडीची मागची सीट

मी सातवी शिकलेला माणूस. आडपडदा जमत नाही. बायको जाऊन आठ महिने झाले. त्यानंतर माझी मोटरसायकल विकायला निघाली होती, त्याची ही हकीकत.

मी पुण्यात मेकॅनिक होतो, बायको नर्स. ऑस्ट्रेलियाने बोलावलं ते तिला. मी सामानाबरोबर आलो म्हणा. मेलबर्नला बस डेपोत काम मिळालं, मेलबर्नच्याच टार्निट भागात घर झालं, मुलगी युनिव्हर्सिटीतून पास होऊन नोकरीला लागली. मग एके दिवशी बायकोच म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्यात. आता एक स्वतःची घ्या की."

गाडी मिळाली एका इटालियन म्हाताऱ्याच्या शेडमध्ये, टोमॅटोच्या रोपांमागे. गाडीही इटलीचीच, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. दोघांचंही इंग्रजी लंगडं. तो बोट दाखवायचा, मी मान हलवायचो. पण इंजिन पाहिलं आणि बोलायची गरजच संपली. बाकीच्या गाड्या इंजिन पोटात लपवतात. हिचे दोन सिलिंडर टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, शिंगं रोखून उभ्या म्हशीसारखे. टॅपेट लावायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची, तर फार खोलाखोली नाही. शेजारी स्टूल घ्यायचं, चहाचा कप ठेवायचा आणि बसल्या बसल्या काम करायचं. ज्याने ही बनवली त्याने दुरुस्त करणाऱ्याच्या कंबरेचा विचार केला होता. एवढी माणुसकी मी फार थोड्या गाड्यांत पाहिली.

चेन नाही, बसगाडीला असतो तसा मागचं चाक फिरवणारा शाफ्ट आहे. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांवर चेनचं तेल उडत नाही. बायकोला गाडीतलं एवढं एकच पटकन कळलं आणि आवडलं. उभ्या उभ्या रेस दिली की गाडी उजवीकडे झुकते, कारण इंजिनाचा फिरणारा दांडा गाडीच्या लांबीत बसवलेला आहे. पहिल्यांदा बायको किंचाळलीच.

"अहो, पडतेय!"

"पडत नाही, डुलतेय."

"आता हिला डुलायला काय झालं?"

पायाचा ब्रेक दाबला की मागचं चाक आणि पुढची एक डिस्क दोन्ही एकदम धरतात. त्यामुळे गाडी नाक खाली घालत नाही, आहे तशी जमिनीला बसते. मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटत नाही. पुढे वारा अडवायला मोठं फेअरिंग, त्यात एक छोटं घड्याळ. घड्याळ कधीच बरोबर चाललं नाही. साइड स्टँड तर मूर्खाने बनवलाय. गाडी जरा सरळ केली की आपोआप वर जातो. म्हणजे कुणाच्या तरी हातात गाडी असलीच पाहिजे.

रविवारी आम्ही जिलाँगच्या पुढे समुद्राच्या रस्त्याने जायचो. गाडीला मागे दोन बाजूंना पेट्या, एकीत थालीपीठं, दुसरीत थर्मास. ती मागे बसून सारखी बोलायची. वाऱ्यात मला अक्षर ऐकू यायचं नाही, मी आपला "हो, हो" म्हणत राहायचो. घरी आल्यावर कळायचं की कशाला हो म्हटलंय. अशानेच एकदा तिची बहीण, साडू आणि दोन पोरं महिनाभर आमच्याकडे राहून गेली.

ती गेली. पाठोपाठ माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, एका सकाळी गाडी बाहेर काढायला गेलो तर स्टँड वर गेला, गुडघ्याने दगा दिला आणि गाडी ड्राइव्हवेवर आडवी झाली. मला उचलेना. शेजारचे सरदारजी धावत आले. दोघांनी मिळून उभी केल्यावर ते म्हणाले, "अंकलजी, अब बस करो."

मुलीने त्याच आठवड्यात जाहिरात टाकली. मीच हो म्हणालो होतो, आणि या वेळी नीट ऐकून म्हणालो होतो.

शनिवारी एक गोरा आला. मध्यम वयाचा, बोलायला चांगला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसून शाफ्ट पाहिला, "ब्यूटी, मेट," म्हणाला. मला बरं वाटलं. मग तो हाताने हवेत रेघा मारायला लागला. हे फेअरिंग काढणार, पेट्या काढणार, मागची सीट कापून एकट्यापुरती ठेवणार. हल्ली तीच फॅशन आहे म्हणाला. कुठून कापायचं ते बघायला त्याने सीट उचलली.

खाली फ्रेमच्या खोबणीत कुंकू लावलेले तांदूळ होते. अक्षता. दर दसऱ्याला बायको गाडीची पूजा करायची आणि लग्न लावल्यासारखी मूठभर अक्षता उधळायची. सीटच्या फटीतून त्या आत जायच्या. बॅटरी तपासायला सीट काढली की मी शिव्या देत ब्रशने झाडायचो. एकदा तर एक दाणा कार्बोरेटरच्या उघड्या तोंडातून आत गेला आणि रेस अडकून बसली. मी ओरडलो तर म्हणाली, "भूक लागली असेल तिला." या अक्षता मागच्या दसऱ्याच्या. तेव्हा ती आजारीच होती. त्यानंतर सीट उचलली गेलीच नव्हती.

"राइस?" गोऱ्याने विचारलं, आणि हसून बोटाने उडवायला लागला.

"नॉट फॉर सेल," मी म्हणालो. तो थांबला. वाईट माणूस नव्हता. मुलीकडे बघितलं, "नो वरीज," म्हणून गेला.

मुलगी भडकली. "बाबा, तुम्ही चालवू शकत नाही! मग काय रोज बघत बसणार? ती पडली आणि तुम्ही खाली असलात तर?"

बरोबरच होतं तिचं. आई गेली, आता बाप गाडीखाली जाईल ही भीती तिच्या आवाजात होती. मी स्टुलावर बसलो. रडलोही थोडा, लपवून काय करायचंय. मग बसल्या जागेवरून डाव्या बाजूची फ्रेम दिसत होती, ती बघत राहिलो. पुण्यात मी स्कूटरना साइडकार लावून दिल्यात, कितीतरी. तिसरं चाक लागलं की गाडी पडत नाही, पाय टेकायला लागत नाही.

"साइडकार," मी म्हणालो.

"व्हॉट?"

"टेप आण. मोठी."

"बाबा, इथे असं चालत नाही. इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं."

"मग तू कोण आहेस?"

"सॉफ्टवेअरची आहे मी, बाबा!" ती ओरडली आणि ओरडता ओरडता हसली. आठ महिन्यांनी.

सर्टिफिकेट देणारा माणूस ती शोधतेय. मिळेल की नाही माहीत नाही. त्या दिवशी मात्र मी गाडीच्या डाव्या बाजूला प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, मुलीला बसवलं आणि तिच्या खांद्यापासून गाडीच्या फ्रेमपर्यंत माप घेतलं. ती टेपचं टोक धरून बसली आणि म्हणाली, "जरा रुंद ठेवा. मला गुडघे दुमडून बसायचं नाहीये."